एकास बारा

फोटो एकच. काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा,
डावा कोपरा वाळवीने खाल्लेला.
मांडवीवर एक बोट, पाण्याला जेमतेम टेकलेली,
मागे पाण्याचा तुरा, तुऱ्यामागे धूसर पणजी,
आणि बाजूवर आकडा: चार की नऊ,
भिंगाखाली दर वेळी वेगळा.
नाव मात्र वाचता येतं. आंदोरिन्य. म्हणजे पाकोळी.

बेतीच्या गोदीत मी तीस वर्षं बार्जांचे आराखडे काढले.
बार्ज म्हणजे तरंगता खोका, त्यात चूक लपते.
हिच्यात लपत नाही. हिच्या पोटाला पायरी आहे,
वेग आला की त्या पायरीवर उभी राहून
ही नदी सोडते.
पायरी दोन मिलिमीटर पुढे सरकली
की मॉडेल खोटं बोलायला लागतं.

रंग विचारायला गेलो.
वेरेंचा सांतान म्हणाला, तांबडी. या डोळ्यांनी पाहिलीय.
त्याचा जन्म शर्यतीनंतर दोन वर्षांनी.
बाबल च्यारी, ज्याच्या बापाने ती बांधली, चिडला:
रंग कसला? व्हार्निश!
फणसाला रंग फासणारा तो च्यारीच नव्हे.
आणि त्याच तोंडाने हत्यारांच्या पेटीतून
वीतभर फळी काढून दिली. हिरवी.

घरी येऊन ब्लेडने खरवडली.
हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली व्हार्निश,
आणि एका खाचेत, देवाशपथ,
तांबड्याचा एक कण.
म्हणजे कुणीच खोटं बोललं नव्हतं.
मॉडेलाला तारीख लागते. बोटीला ती नसते.

मी शर्यतीची सकाळ धरली. पांढरा.
बंदर कचेरीच्या जुन्या वहीत त्या दिवसापुढे
पोर्तुगीजमध्ये दोन शब्द आहेत: पूर्ण नाही.
सगळी बेती सांगते पहिली आली.
वही मी कुणाला दाखवली नाही,
पण कप ठेवायला स्टँडवर जी जागा सोडली होती
ती कापून टाकली.

एकशे चाळीस पितळी स्क्रू, डोकं अर्ध्या मिलिमीटरचं,
प्रत्येकावर एकच चीर, कारण चार कोनी चीर
तेव्हा बेतीत पोचली नव्हती.
सगळ्या चिरा नाळेपासून वराम्यापर्यंत एका रेषेत.
मला वाटलं, झालं.

मग रायबंदरहून एर्मेलिंदा आली,
जो ती चालवायचा त्याची मुलगी. चष्मा पुसला,
स्क्रूंकडे बघितलंही नाही.
"पापा गोणपाटार बसतालो," ती म्हणाली.
फळी टोचायची म्हणून. चार घड्या घालून.

फोटोत गोणपाट नाही. फोटोत माणूस बसलाय,
त्याच्याखाली काय आहे ते कॅमेऱ्याला कसं दिसणार?
माझा नियम साधा: पुरावा नाही तर वस्तू नाही.
ह्या नियमावर मी मित्र गमावलेत.
चार रात्री तो नियम उशाशी घेऊन झोपलो.

तांदळाचं गोणपाट बारापट लहान केलं
की मलमलीहून तलम होतं. हे आधी माहीत नव्हतं.
शेवटी हाफिसातल्या जुन्या टाइपरायटरची रिबीन
साबणाने सात वेळा धुतली.
शाई पूर्ण गेली नाही. चार घड्या घातल्या.

चोडणला, मानशीजवळच्या तळ्यात, भरती थांबल्यावर
तिला सोडली. एर्मेलिंदा बांधावर, चप्पल हातात.
मोटर गुणगुणली, नाक उचललं,
आणि ती पायरीवर उभी राहिली, सांगतो,
अगदी फोटोतल्यासारखी. एकास बारा.

फक्त थेंब तेवढेच राहिले.
पाण्याला स्केल कळत नाही.
एकेक थेंब लिंबाएवढा होऊन डेकवर आदळत होता,
तुरा कसला, ढेकळं उडत होती,
आणि मी इतकी वर्षं ज्याची मापं घेत होतो
त्यात हे नव्हतं.

काठाला आली तेव्हा आत ओंजळभर पाणी.
एर्मेलिंदाने वाकून गोणपाट उचललं,
नखाएवढं,
आणि दोन बोटांत धरून पिळलं.
बोटांना निळी शाई लागली.